तेलातलं पाणी

बसची कमान, म्हणजे चाकावर वजन पेलणारी पोलादी पाट्यांची स्प्रिंग, मोडली ती माझ्या तळपायांना कळली. खालून कुणीतरी मूठ आपटावी तसा एकच दणका, आणि मग झोपेत माणसानं कुशीवर वळावं तशी सगळी बस डावीकडे कलली. त्यात विशेष काही नव्हतं. बसेस मोडतातच, आणि आमची तर मोडण्याच्या वयाचीच होती. विशेष होतं ते पुढचं. माझ्या शेजारी रोज बसणारी, शाळेत शिवण शिकवणारी बाई सुस्कारा सोडून म्हणाली, "मोडली एकदाची! आठ दिवस नुसती किरकिरत होती. माझे दात आंबायचे तिच्या आवाजानं." पुढच्या सीटवरची दोन-चार डोकी मागे वळली. हो ना, काय ती किरकिर, भेजा फ्राय. मीही हसले, मान हलवली. आणि मान हलवता हलवता लक्षात आलं. आठ दिवस मी त्याच बसमध्ये, त्याच सीटवर, बरोबर त्याच चाकाच्या वर बसत होते आणि मला कसलीही किरकिर ऐकू आलेली नव्हती.

इथे सांगून टाकते की मी कान तपासते. म्हणजे बावीस वर्षं हॉस्पिटलातल्या कान तपासायच्या खोलीत बसते. खोलीत खोली आहे: कपाटाएवढी, जाड भिंतींची, आतून गादी लावल्यासारखी. त्यात माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या चौकोनापलीकडे मी. "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की मी गेल्यावर भिंती आपोआप बोलतील. मग मी एकेक सूर सोडते, आधी जाडे, मग बारीक, आणि कागदावर फुल्या-गोळे मांडत जाते. आमच्या वयाच्या माणसांची रेघ उजवीकडे येता येता खाली घसरते. बारीक आवाज आधी जातात. पाखरं, घड्याळाचा गजर, शिट्टीचं टोक. बोलण्यातले स, श, त, क. गंमत अशी की माणसाला कमी ऐकू येतंय असं कधीच वाटत नाही. त्याला वाटतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि गेलं वर्षभर मी नवऱ्याला रोज हेच सांगत होते, की तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतोस.

ड्रायव्हरनं बस तशीच लंगडवत रस्त्याच्या कडेला एका शेडपाशी नेली. रोज खिडकीतून दिसणारी शेड, काळी, पत्र्याची, पुढे मोडक्या पाट्यांचा ढीग. ट्रकच्या आणि बसच्या कमानी दुरुस्त करणारा एक म्हातारा तिथे असायचा. आम्ही सगळे उतरलो. दुसरी बस येईपर्यंत लोक फोनवर आपापल्या साहेबांशी खोटं-खरं बोलायला लागले. मी उगाच पुढे जाऊन वाकून बघत उभी राहिले. डोक्यात ती किरकिर शोधत होते, आठ दिवसांपूर्वीची, सात दिवसांपूर्वीची. कुठेच नव्हती. कमानवाल्यानं चाकामागून तुटका पाटा ओढून काढला आणि ढिगावर टाकला. हातभर लांब, चार बोटं रुंद, धनुष्यासारखा किंचित वाकलेला, तुटल्या जागी वाळूसारखा चमकणारा. मग परत बसखाली आडवं होत त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं ते असं: "चाकू हवा?"

आता बसखाली आडवा झालेला माणूस एका अनोळखी बाईला चाकू हवा का असं का विचारील, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला फक्त एवढंच कळत होतं की आत्ता, ह्या क्षणी, 'काय म्हणालात?' असं विचारायचं नाही. एकदाही नाही. "हो," मी म्हटलं, ठसक्यात. "हवाय."

तो बसखालून निम्मा बाहेर आला. "काय हवाय?"

"चाकू."

"ह्याचा?" त्यानं ढिगावरच्या पाट्याकडे बघितलं, मग माझ्या पर्सकडे, मग परत पाट्याकडे. "होईल की. चांगला होईल. पण मी करून देणार नाही. मला वेळ नाही. तुम्हाला करायचा असेल तर रविवारी सकाळी या. भट्टी मोकळी असते."

मी मान हलवली. एकदा हलली की मान हलतच राहते, हे मला पुढे कळायचं होतं. पाटा तिथेच ठेवून मी दुसऱ्या बसमध्ये बसले, आणि हॉस्पिटल येईपर्यंत स्वतःवर चिडून, मांडीवरच्या पर्सला दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. आई अशीच मान हलवायची.

आईला पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. आम्ही चौघं भावंडं, कॉलेजातली, जिभेला हाड नसलेली. "आई, किती वाजले?" विचारलं की ती म्हणायची, "भाजी आहे अजून, वाढू?" आम्ही फिस्सकन हसायचो. तीही हसायची. तिला वाटायचं काहीतरी आनंदाचं चाललंय. तिच्या उत्तरांची आम्ही यादीच ठेवली होती, पाहुणे आले की एकेक काढायचो, आणि पाहुण्यांच्या मध्ये बसून ती मान हलवत ते सगळं गोड मानून घ्यायची. ते हसू मी कुठेही ओळखते. ओठ तयार असतात, डोळे मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर चाचपडत असतात, की आता कुठे हसायचं. रोज दहा माणसं ते हसू घेऊन माझ्या खोलीत येतात. मी त्यांच्याशी फार चांगली वागते. सगळे म्हणतात, ह्या मॅडम किती शांतपणे सांगतात. मी आईशी कधी शांतपणे बोलले ते मला आठवत नाही. ओरडायचे. ओरडण्यातही एक खोच असायची, की बघ, तुझ्यामुळे ओरडावं लागतंय.

रविवारी मी गेले. का गेले ह्याचं उत्तर नवऱ्याला देताना मी म्हटलं, छंद. तो नकाशे काढतो, घरांचे. त्यानं पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला, "सगळ्यांच्या बायका बागकाम करतात. माझी शस्त्रं करणार. भांडायचं असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगत जा, मी बहिणीकडे जाऊन राहीन." मी हसले. त्यातलं मला सगळं ऐकू आलं होतं, कारण तो समोर होता. त्याच्याकडे मी हल्ली फारच प्रेमानं बघते असं त्याला वाटायचं. मी त्याचे ओठ बघत असायचे.

पाटा भट्टीत गेला आणि बाहेर आला तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरले. मला वाटलं होतं लाल होईल. लाल म्हणजे रंग लावल्यासारखा लाल. पण रंग त्याच्यावर नव्हताच, त्याच्या आत होता. जणू पाटा हे नुसतं टरफल होतं आणि आतलं खरं आत्ता दिसत होतं. आधी काळपट, मग पिकल्या जांभळासारखा, मग नारिंगी, आणि नारिंगीच्या आत पिवळ्याची हालचाल, पाण्याखाली काहीतरी फिरावं तशी. अकरा वर्षं मी ज्याच्यावर बसून कामाला गेले ते हे. माझं वजन, शिवणबाईचं वजन, भरल्या पिशव्या, खड्डे, उभ्यानं डुलक्या काढणारी माणसं, हे सगळं अंगावर घेऊन वाकायचं आणि परत आपल्या जागी यायचं, दिवसातून हजार वेळा, आणि कुणाला कळूही द्यायचं नाही. मला एकाएकी त्याच्यासमोर चपला काढाव्यात असं वाटलं. कमानवाल्यानं मात्र एका पायातली चप्पल आधीच काढलेली होती. त्याची उभं राहायची पद्धतच तशी. एक पाय चपलेत, दुसरा उघडा, आणि तो उघडा पाय कशाला तरी टेकलेला, ऐरणीच्या ओंडक्याला नाहीतर पाण्याच्या बादलीला. मी मनात म्हटलं, एकेकाच्या खोडी.

"मारा," तो म्हणाला. मी मारलं. मनगटापासून दातांपर्यंत सगळं झणझणलं आणि पाट्यावर उमटली ती नखाएवढी खूण. "लोखंडाशी भांडू नका, बाई. हातोडी सैल धरा. गरम आहे तोवर ते ऐकतं. गार झालं की तुम्ही कितीही ओरडा." तो कमी बोलायचा, पण 'ऐकतं' हा त्याचा लाडका शब्द होता. हे पोलाद ऐकतं, ते ऐकत नाही. ह्या टोकानं अजून ऐकलेलं नाही, परत तापवा. प्रत्येक वेळी तो शब्द आला की मी कान टवकारायची, चोराच्या मनात चांदणं असतं तसं.

तीन रविवार गेले. कमान सपाट झाली. मग तिचा अर्धा तुकडा तोडून बाजूला ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याला टोक आलं, पोट आलं, पाठ आली. बेढब होती सगळी, पण होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर ठिणगीनं तिळाएवढा डाग पाडला, तो मी हॉस्पिटलात पेशंटना दिसेल असा ठेवायची. आणि मग चौथ्या रविवारी त्यानं मला चुंबक दाखवलं. फुटक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, तारेला टांगलेलं. तापत्या पात्याजवळ नेलं की ते खट्कन जाऊन चिकटायचं. "बघत राहा," तो म्हणाला. पातं आणखी तापलं. चुंबक नेलं, चिकटलं. आणखी तापलं. नेलं, आणि चुंबक नुसतंच लोंबकळत राहिलं. जवळ लोखंड आहे ह्याची त्याला खबरच नव्हती. "आता हे विसरलं," कमानवाला म्हणाला. "काय?" माझ्या तोंडून गेलं. "सगळं. आपण लोखंड आहोत हेसुद्धा. आता ह्याला जे शिकवाल ते." मी शाळेत कधीतरी हे शिकले असेन, एखाद्या धड्यात, एका वाक्यात. पण ते वाक्य आणि हे, समोर, भर सकाळी, एका काळ्या शेडमध्ये जगातल्या एका वस्तूनं स्वतःला विसरणं, ह्यांचा काही संबंध नव्हता.

"पाणी द्या आता," तो म्हणाला, आणि भट्टीकडे वळून कोळसा सारता सारता पाठमोरा आणखी काहीतरी बोलला. मी त्याच्या पाठीकडे बघून मान हलवली.

पात्याला पाणी द्यायचं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तापलेलं बुडवायचं, की ते कडक होतं, धार धरतं. पाणीदार म्हणतात ते ह्यावरूनच. उजवीकडे पाण्याची बादली होती. शेजारी एक पसरट डबा होता, काळ्या तेलाचा. तो मला मशिनीच्या वंगणाचा वाटला होता. मी सांडशीत पातं धरलं आणि बादलीत बुडवलं. भस्सकन वाफ आली, चष्मा पांढरा झाला, आणि सांडशीतून मनगटात एक बारीकसा चिमटा आला, मुंगी चावावी तसा. मला वाटलं, आनंद. वाफ विरली तेव्हा कमानवाला माझ्याकडे वळून बघत होता, त्याचा उघडा पाय मागे बादलीला टेकलेला.

"ऐकलंत ना?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. म्हणजे तो पाठमोरा जे काही बोलला होता ते.

त्यानं पात्याकडे बघितलं. मग नुसता हसला. "मग ठीक आहे. घेऊन जा. हात बसेल." मला वाटलं, त्यानं शाबासकी दिली.

त्या पात्याचं मी घरी काय कौतुक केलं! कमानवाल्यानं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं, एरवी केक ठेवते त्या भांड्यात. घासून पांढऱ्या केलेल्या अंगावर हळूहळू रंग चढला, आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा. कुणी लावलेला नाही, कुणी मागितलेला नाही. मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले होते. नवरा म्हणाला, "केक फुगला का?" मग तीन आठवडे, कामावरून आले की गॅलरीत मांडी घालून, कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडून घासत होते. पुढे-मागे, पुढे-मागे. मला त्यातून एक मऊ, जाडसर खर्र-खर्र ऐकू यायची, लांब कुणीतरी अंगण झाडावं तशी, आणि तिच्यात माझं मन निवांत व्हायचं. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या मी घासायला बसले की एकेक करून बंद व्हायच्या. ते मला दिसत होतं. नवरा दात-ओठ आवळून आतल्या खोलीत जायचा, तेही दिसत होतं. एकदा म्हणाला, "अगं, कशी सहन करतेस ही किरकिर?" मी म्हटलं, "सवय." आणि दगड फिरवत राहिले, पण मग तो आवाज पहिल्यासारखा मऊ लागेना. हे दोन आवाज होते. मला त्यातला खालचाच मिळत होता. वरचा सगळा शेजाऱ्यांना.

मूठ बसवली, साधी, दोन लाकडी फळ्यांची. आणि शनिवारी दुपारी नवऱ्याला खुर्चीवर बसवून, त्याच्यासमोर ओट्यावर लाल भोपळा ठेवून, मी पातं त्यात खुपसलं आणि दाबलं. चाकू अर्धा आत गेला. बाहेर आला तो निम्माच. टोकाकडचा तीन बोटं तुकडा भोपळ्यातच राहिला. आम्ही दोघं बघत राहिलो. मग नवरा अतिशय गंभीरपणे म्हणाला, "भोपळा जिंकला." मी हसायला गेले आणि रडले. तो बिचारा घाबरून म्हणत राहिला, "अगं, भोपळाच तर आहे, अगं, दुसरा चाकू आहे की." त्याला कसं सांगणार होते, की चाकूचं नाही रे हे.

रविवारी दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळून नेले. कमानवाल्यानं ते उन्हात धरले, तुटलेली तोंडं वर करून. "हे बघा." तुटीचा अर्धा भाग काळपट होता, जुना, जखमेवर खपली धरावी तसा. उरलेला अर्धा करडा, ताजा, साखरेसारखा चमचमता. "हे करडं कालचं. आणि हे काळं, हे त्या दिवशीचं. बादलीतलं. पाण्यात घातलंत, तेव्हाच तडा गेला होता. हे पोलाद पाण्याचा धक्का सोसत नाही, म्हणून तर सांगितलं तेलात द्या."

"पाणी... तेलात?"

"पाणी तेलातच देतात ह्याला."

माझ्या भाषेतला एक शब्द बावन्न वर्षं माझ्या तोंडात होता आणि त्याच्या आत तेल आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं. पाठमोऱ्यानं.

"पण मग तडा गेला हे तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलायचं? मी विचारलं, ऐकलंत ना? तुम्ही म्हणालात हो. म्हटलं बाई समजूतदार आहे, पातं गेलं हे तिला कळलंय, कशाला परत टोचायचं. तरी घासलंत म्हणजे हात बसावा म्हणून घासलं असेल."

तीन आठवडे. तीन आठवडे मी मेलेल्या पात्याला धार लावत होते, एका 'हो'पायी. बाहेर रस्त्यावरून माझी बस गेली, नव्या कमानीची. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. आत्ता सुद्धा मान हलवता आली असती. हो हो, घासायची सवय म्हणूनच, असं म्हणून हसता आलं असतं, आणि त्यानं तेही गोड मानून घेतलं असतं. हनुवटी खाली यायलाही लागली होती. मी ती अक्षरशः हातानं धरली.

"मामा," मी म्हटलं, "मी ऐकलं नव्हतं. तेलात म्हणालात तेही नाही, तडा गेला तेही नाही. मला वरचं ऐकू येत नाही. मी कान तपासते, हॉस्पिटलात, बावीस वर्षं, आणि मला ऐकू येत नाही." एकदा सुटलं ते थांबेना. "पहिल्या दिवशी तुम्ही चाकू हवा का विचारलंत, ते तरी खरं होतं की नाही देव जाणे."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी टक लावून. "मी? मी कशाला विचारू चाकू हवा का?" त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग एकाएकी सुटल्या. "अहो, मी म्हटलं बाजूला व्हा! जॅक सुटला असता अंगावर!" आणि तो हसायला लागला. ऐरणीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मी घरी जाऊन सांगितलं, एक बाई बघितली, काय हिंमत, बस मोडली तिथेच म्हणाली चाकू करायचाय!" मीही हसले. खरीखुरी, कुठे हसायचं ते माहीत असलेली. हसता हसता तो म्हणाला, "पण जरा मोठ्यानं बोलत जा. मला डाव्या कानानं काही येत नाही आणि उजव्यानं थोडंसं."

मी हसायची थांबले. चाळीस वर्षं घण मारणारा माणूस. तोंडाकडे टक लावून बघणारा. सतत उजवी बाजू पुढे करून उभा राहणारा. माझ्या खोलीत आला असता तर दारातच ओळखला असता मी. चार रविवार समोर होता, आणि मी आपली माझंच लपवण्यात गुंग.

"मग तडा?" मी विचारलं. "तडा कसा ऐकलात?"

त्यानं उघडा पाय वर उचलून दाखवला. काळा, भेगाळलेला, रुंद बोटांचा. "ह्यानं. बादलीला होता ना. कानाचं काय घेऊन बसलात, कान चोंबडा असतो, भलतंसलतंही ऐकतो. सांडशी तर तुमच्या हातात होती. हाताला काही झालं नाही?"

"मुंगी चावल्यासारखं झालं."

"तेच ते," तो म्हणाला. "मग ऐकलं होतंत की."

मी पाट्यांच्या ढिगावर बसले. डोळ्यांसमोर आईचे हात येत होते, एकामागून एक. कुकरच्या दांडीवर टेकवलेली दोन बोटं. आम्ही म्हणायचो, चटका बसेल, वेडी आहेस का. शिट्टी कधीच चुकली नाही तिची. दाराच्या चौकटीवर तळहात, बाबा यायच्या वेळी. आम्हाला वाटायचं, आधार लागतो. बाबा जिन्यात असतानाच ती पाणी घेऊन उभी असायची, आणि आम्ही, कान शाबूत असलेली चौघं, दचकायचो. मला खोकला झाला की माझ्या पाठीवर सपाट ठेवलेला हात, कितीतरी वेळ, आणि मग डॉक्टरांना सांगायची, उजव्या बाजूला आहे. डॉक्टर नळी लावून बघायचे आणि म्हणायचे, बरोबर. एवढं मोठं काहीतरी आमच्या घरात चाललं होतं, रोज, स्वयंपाकघरात, आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून विनोदांची यादी करत होतो.

पाट्याचा उरलेला अर्धा तुकडा उचलून कमानवाल्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

दुसरं पातं करायला पाच रविवार लागले. आता आम्ही एकमेकांच्या समोर उभे राहूनच बोलायचो, मोठ्यानं, हातवारे करत. रस्त्यावरच्या लोकांना वाटत असेल, कडाक्याचं भांडण चाललंय. पाणी द्यायच्या दिवशी त्यानं तेलाचा डबा आधी कोमट केला. चुंबक नेलं, चिकटलं. नेलं, चिकटलं. नेलं आणि ते पात्यासमोरून आंधळ्यासारखं झुलत गेलं. "विसरलं," मीच म्हटलं. थोडं आणखी तापू दिलं. मग पातं उचललं, आणि ह्या वेळी डोळे मिटले. तेलावर ज्वाळ उठली ती पापण्यांवर नारिंगी दिसली, पण माझं लक्ष मनगटात होतं, सांडशीच्या लांब दांड्यांच्या शेवटी, जिथे मी संपत होते आणि लोखंड सुरू होत होतं. आलं. चिमटा नाही. एक थरथर, खोल, सावकाश, मांडीवर मांजर गुरगुरावं तशी. तेल उकळत पात्याला कुरवाळत होतं आणि पातं ते घेत होतं. जे विसरलं होतं त्याच्या जागी काहीतरी कायमचं बसत होतं, आणि ते बसताना माझ्या हाडांना कळत होतं. आयुष्यात मी इतकं स्पष्ट काही ऐकलेलं नाही. थरथर बारीक होत गेली, आणखी बारीक, आणि विझली. मी डोळे उघडले. तो समोर उभा होता, उघडा पाय डब्याला टेकलेला, त्याचेही डोळे मिटलेले. भर उन्हात दोन बहिरी माणसं एका डब्याभोवती, देवासमोर उभं राहावं तशी.

"मुंगी चावली?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही." त्यानं चप्पल पायात सरकवली. "झालं. चढलं पाणी."

सोमवारी मी हॉस्पिटलात अर्धा तास आधी गेले. आमच्या खोलीत माझ्याबरोबर आणखी एक जण आहे, माझ्याहून जुनी. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सगळे तिला घुबड म्हणतात, आणि ती स्वतःलाही. मी हेडफोन घेऊन आत निघाले तेव्हा ती म्हणाली, "मशीन बिघडलं काय गं?"

"मशीन नाही. बस, माझे कान तपास."

तिनं चष्म्यावरून बघितलं. मग मशीनसमोर बसून, घसा खाकरून म्हणाली, "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी."

"माहीत आहे गं."

"माहीत असलं तरी सांगावं लागतं."

दार बंद झालं. बावीस वर्षांत मी त्या खोलीत झाडू मारला आहे, बल्ब बदलला आहे, पण बटण हातात धरून कधी बसले नव्हते. ह्या खुर्चीत आई बसली होती एकदा. मी तेव्हा नवीन होते, काम शिकत होते. जाडे सूर तिनं बरोबर पकडले. बारीक सुरू झाले तरी ती दाबतच राहिली, मी सूर सोडला तरी, नाही सोडला तरी, दाबतेय आपली. मी दार उघडून ओरडले होते, "आई, आवाज नसताना दाबू नकोस गं! कळत कसं नाही?" ती त्या खुर्चीत लहान होऊन म्हणाली होती, "तुझा चेहरा पडला की दाबते."

पहिला सूर आला, गोल, जाडा. दाबलं. दुसरा. दाबलं. तिसरा जरा लांबून. मग काचेपलीकडे घुबडाचा हात हलला, आणि मला काही आलं नाही. पुन्हा हलला. तिनं मान वर केली. माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत होता. माझा अंगठा, काळा तीळ पडलेला, बटणावर आपोआप वाकायला लागला. तिला बरं वाटावं म्हणून. एवढंच.

मी खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ केली. समोर आता नुसती करडी, मऊ भिंत. डोळे मिटले. अंगठा बटणावर ठेवला, सांडशीवर ठेवला होता तसा, सैल, आणि थांबले.

काही आलं नाही. मी दाबलं नाही.